फटीचं माप

सोमवारी पाती येतात.
टेम्पोतून, जुन्या घोंगड्यात गुंडाळलेली.
बेद्री उस्ता एकेक उतरवून घेतो,
झोपलेलं मूल घ्यावं तसं,
मानेखाली हात देऊन.
त्या हाताला बोटं तीनच.

अदानात कापूस आता कमी झालाय.
पूर्वी तो सरकी काढायच्या यंत्रांच्या करवती घासायचा.
एक अजून भिंतीवर टांगलेली, दात गंजलेले.
आता प्लास्टिक येतं. जहाजांतून, गठ्ठ्यांनी,
कुणाकुणाच्या देशातले दह्याचे डबे, शाम्पू,
कुत्र्याच्या बिस्किटांच्या पिशव्या.
त्यांच्यावरचं त्याला वाचता येत नाही.
पात्यावर उमटलेलं सगळं येतं.

मी नवी होते तेव्हा.
देर एझ-झोरहून येऊन वर्षही झालं नव्हतं,
तुर्की तोडकंमोडकं.
तो बोटाने दाखवायचा, उरलेल्या.
ही आकड्यांची चकती. दोन दांड्यांवर समोरासमोर फिरते.
हिला घाई नाही. ओढते, चावते, फाडते.
धारेपेक्षा हिला भूक जास्त.
ही चौकोनी, मधे वाटीसारखी खोल.
एक कोपरा थकला की फिरवून बसव.
चार जन्म मिळतात हिला,
आपल्यापेक्षा तीन जास्त.
आणि ही लांब, सरळ पाती, चुरा करणारी.
तीन फिरतात, दोन जागा सोडत नाहीत.
कापतं कोण, सांग?
फिरणारं, मी म्हटलं.
तो हसला.
कापते ती फट.

केसाएवढी फट, दोन पात्यांमधली.
जास्त झाली तर पिशवी कापलीच जात नाही,
लोळते, गुंडाळते, वितळते,
शेडभर वास.
कमी झाली तर लोखंड लोखंडाला भिडतं.
मग कुऱ्हाडीचा दांडाही लागत नाही,
गोताला काळ व्हायला गोत पुरतं.
माप घ्यायला पोलादी पट्ट्या आहेत, आकडे कोरलेल्या.
उस्ता सिगारेटचा कागद सरकवतो
आणि रोटर हाताने फिरवतो, हळू.
कागद नुसता सुरकुतला तर स्क्रूला आणखी पाव फेरा.
आवाज न करता कापला तर बस.
सिगारेट सोडून त्याला अकरा वर्षं झाली.
कागदाची थप्पी अजून खिशात.

मार्चमध्ये नुरेत्तिनच्या कारखान्यातून एक पातं आलं,
पुढचा दात पडल्यासारखी खाच.
दगड? मी विचारलं.
दगड ओरखडतो. हे गोल आहे. छर्रा.
कुठल्या तरी पोराच्या स्केटचं चाक असणार.
मग कितीतरी वेळ मालकाला शिव्या.
कडक पाहिजे त्याला, सगळ्यात कडक!
कडक ते फुटतं.
जरा नमणारं टिकतं,
पण ते दर आठवड्याला माझ्याकडे येतं,
ते त्याच्या खिशाला टोचतं.

एकाची खाच काढायची
तर तिन्ही तेवढीच झिजवावी लागतात.
नाहीतर रोटर लंगडतो.
दिवसभर चाक फिरत होतं, पाणी दुधासारखं होत होतं,
धड असलेली दोन पाती
मी त्या तिसऱ्यासाठी घासत होते.

त्याच कारखान्यात पट्ट्यावर
माझा भाऊ वहीब माल वेगळा करतो.
छर्रा त्याच्या नजरेतून सुटला म्हणून
त्याची तीन दिवसांची मजुरी कापली.
हे मी उस्ताला सांगितलं नाही.
विचारलं फक्त,
तुमची बोटं कशी गेली?
फट मोठी होती, तो म्हणाला,
आणि चहा ठेवायला उठला.

मंगळवारी पाती परत निघाली,
तिन्ही दीड मिलिमीटरने अरुंद.
घोंगड्यात गुंडाळण्याआधी उस्ताने
धारेवरून अंगठा आडवा फिरवला,
उभा कधीच नाही,
आणि बिलावर खाचेचे पैसे लिहिले.
खाली, वेगळ्या ओळीत,
मला न विचारता,
तीन दिवसांची मजुरी.

नुरेत्तिनने ती ओळ खोडली.
पुढच्या सोमवारी पाती आली.
उस्ताने ती टेम्पोतच राहू दिली,
थप्पीतला एक कागद काढून माझ्या हातात दिला
आणि म्हणाला, बस इथे.
बघू, तो किती दिवस बोथट चालवतो.